सोनेरी अक्षरांवरून सरकणारी चमक: स्थिर चित्रात उत्तम, जिफमध्ये मात्र बिघडलेली

प्रश्न: निळी शाई

नमस्कार. आमच्या वाचनगटाच्या संकेतस्थळासाठी ‘क्षितिजरेषा’ या शब्दाचे शीर्षकचित्र तयार करण्याचे काम मी गेले काही दिवस करीत आहे. फोटोशॉपमध्ये शब्द टाइप करून त्याला लेयर स्टाइलमधून सोनेरी ग्रेडियंट ओव्हरले, बेव्हल अँड एम्बॉस, बारीक स्ट्रोक आणि खाली मऊ ड्रॉप शॅडो दिली. स्थिर चित्र मनासारखे झाले आहे. अडचण पुढची आहे. या अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे प्रकाशाचा एक पट्टा सरकत जावा आणि धातूवर पडते तशी चमक दिसावी, एवढीच माझी अपेक्षा होती. त्यासाठी टाइमलाइन उघडून फ्रेम ॲनिमेशन केले, ट्वीनने (दोन टोकांच्या फ्रेममधल्या फ्रेम आपोआप भरण्याची सोय) साठ फ्रेम तयार केल्या आणि सेव्ह फॉर वेबमधून जिफ जतन केले.

पडद्यावर आलेले चित्र आणि मूळ चित्र यांत मोठे अंतर पडले आहे. पार्श्वभूमी पारदर्शक ठेवली होती, तर संकेतस्थळाच्या गडद निळ्या पानावर अक्षरांभोवती पांढरी किनार उमटते. मऊ सावली करड्या ठिपक्यांची झाली आहे. सोनेरी भागावर बारीक कण सतत वळवळताना दिसतात, जणू अक्षरांवर मुंग्या फिरत आहेत. चमक वेगाने जावी म्हणून प्रत्येक फ्रेमचा अवधी ०.०१ सेकंद ठेवला, तर ब्राउझरमध्ये ती उलट रेंगाळत जाते. आवर्तन संपून पुन्हा सुरू होताना क्षणभर अडखळल्यासारखे होते. ९०० बाय ३०० पिक्सेलच्या या चित्राची फाइल चार मेगाबाइटच्या वर गेली आहे.

त्याशिवाय गिंप या दुसऱ्या चित्र-सॉफ्टवेअरमध्ये मी आणखी एक प्रयोग केला होता. त्यात प्रत्येक अक्षर खालून वर येऊन आपल्या जागी बसते. तिथे अक्षराच्या आधीच्या जागांवरील प्रतिमा पुसल्याच जात नाहीत आणि शेवटी सगळा गिचमीड काला होतो. या साऱ्यात माझे नेमके काय चुकते आहे? की या सॉफ्टवेअरमध्ये असे काम नीट होतच नाही?

प्रतिसाद: चौकट

आपण वर्णन केलेल्या तक्रारींपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही, आणि आपल्या हातातही नाही. ते जिफ या फाइल-प्रकाराच्या घडणीत आहे. हा प्रकार कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने १९८७ साली आणला. १९८९ च्या सुधारित आवृत्तीत फ्रेमचा अवधी आणि पारदर्शकता या गोष्टी त्यात आल्या, आणि पुन्हा पुन्हा आवर्तन करण्याची सोय पुढे नेटस्केप ब्राउझरने जोडली. त्या काळच्या गरजेप्रमाणे एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त २५६ रंग, पिक्सेल एक तर पूर्ण पारदर्शक किंवा पूर्ण अपारदर्शक, आणि अवधीचे मोजमाप सेकंदाच्या शंभराव्या भागात, अशा तीन मर्यादा त्यात कायमच्या बसल्या. आपले बहुतेक दोष या तिघींपैकी कोणत्या तरी एकीपाशी जाऊन पोहोचतात, त्यामुळे मी एकेक दोष घेऊन लिहितो.

पांढऱ्या किनारीपासून सुरुवात करू. अक्षराची कडा गुळगुळीत दिसावी म्हणून फोटोशॉप कडेवरचे पिक्सेल अर्धवट पारदर्शक ठेवतो. जिफमध्ये अर्धवट असे काही नसल्यामुळे जतन करताना त्या पिक्सेलना कोणत्या तरी रंगात मिसळून घट्ट करावे लागते, आणि तो रंग सेव्ह फॉर वेबच्या खिडकीतील ‘मॅट’ या पर्यायावरून ठरतो. आपल्याकडे तिथे पांढरा रंग असावा. तो बदलून संकेतस्थळाच्या पानाचा नेमका गडद निळा रंग दिला, की किनार त्या निळ्यात विरून जाईल आणि दिसणार नाही. अर्थात मग ते चित्र त्याच रंगाच्या पानावर शोभेल, दुसऱ्या रंगावर ठेवले तर निळी किनार दिसू लागेल. मऊ सावलीचेही हेच आहे, कारण सावली म्हणजे सगळेच्या सगळे अर्धवट पारदर्शक पिक्सेल. माझा स्पष्ट सल्ला असा, की पान एका रंगाचे आहे आणि तो रंग बदलणार नाही हे ठाऊक असेल, तर पारदर्शकतेचा नाद सोडावा, तळाशी त्या रंगाचा एक लेयर घालावा आणि चित्र सरळ अपारदर्शक करावे. मॅटचे प्रश्न, सावलीचे ठिपके आणि आपल्या गिंपमधील प्रयोगात दिसलेला काला, ही तिन्ही दुखणी एका फटक्यात जातात.

आता वळवळणाऱ्या कणांविषयी. माझ्या मते या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. सोनेरी ग्रेडियंटमध्ये हजारो छटा असतात आणि पॅलेटमध्ये, म्हणजे जिफमधील रंगांच्या यादीत, २५६ सुद्धा नसतात, कारण पारदर्शकतेसाठी एक जागा खर्च होते. उरलेल्या छटांचा भास निर्माण करण्यासाठी शेजारी शेजारी दोन रंगांचे ठिपके पेरले जातात, त्याला डिदर म्हणतात. नेहमी निवडला जाणारा प्रकार ‘डिफ्यूजन’ हा आहे. त्यात एका पिक्सेलला हवा तो रंग मिळाला नाही, तर राहिलेली तफावत शेजारच्या आणि खालच्या पिक्सेलवर ढकलली जाते. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांनी १९७६ साली मांडलेली रीत याच जातीची आहे. एकाच स्थिर चित्रासाठी ती उत्कृष्ट आहे, परंतु हलत्या चित्रात तिचा गुण हाच दोष ठरतो. प्रकाशाचा पट्टा थोडा सरकला की तिथल्या पिक्सेलची तफावत बदलते, ती पुढे ढकलली जाते, आणि जिथे प्रत्यक्षात काहीही हललेले नाही अशा खालच्या भागातील ठिपक्यांची मांडणीसुद्धा बदलून जाते. फ्रेमगणिक असे झाले की डोळ्याला ते मुंग्यांसारखे दिसते. फाइल फुगण्याचे एक मोठे कारणही हेच आहे. जिफचे एलझेडडब्ल्यू आकुंचन एकसारख्या पुनरावृत्त रंगांवर जगते आणि विखुरलेले ठिपके ती पुनरावृत्ती मोडतात. शिवाय दोन फ्रेममध्ये न बदललेला भाग वगळण्याची सोयही निरुपयोगी होते, कारण ठिपक्यांमुळे सगळाच भाग ‘बदललेला’ ठरतो.

म्हणून डिफ्यूजनऐवजी ‘पॅटर्न’ डिदर निवडावा. त्यात कोणता ठिपका कुठे पडणार हे पिक्सेलच्या जागेवरून ठरते, शेजाऱ्यावरून नाही, त्यामुळे स्थिर भाग स्थिरच राहतो. ठिपक्यांची जाळी थोडी जाणवेल, पण ती हलणार नाही. त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे डिदर पूर्ण बंद करून ग्रेडियंटच तसा रचणे. सोन्याचा भास मऊ उतरत्या छटांपेक्षा गडद तपकिरी आणि फिकट पिवळा यांच्या तीक्ष्ण सीमांमुळे अधिक होतो. चकचकीत धातूत दिसणारे प्रतिबिंब असेच पट्ट्यापट्ट्यांचे असते. ग्रेडियंटमधील रंगबिंदू एकमेकांच्या जवळ आणून तीन-चार ठसठशीत पट्टे केले, तर एकाच रंगकुळातील ६४ रंगांतसुद्धा अक्षरे सोन्याची दिसतात. मर्यादा आधी ओळखून इफेक्ट रचणे आणि इफेक्ट रचून नंतर मर्यादेत कोंबणे, यांत फार फरक पडतो.

वेगाविषयी थोडक्यात सांगतो. बहुतेक ब्राउझर ०.०२ सेकंदांपेक्षा कमी अवधी आढळला, तर तो न मानता थेट ०.१ सेकंद धरतात. आपण ०.०१ मागितले आणि दहापट संथ चाल मिळाली, ती या नियमामुळे. ०.०४ ठेवावे. सेकंदाला २५ फ्रेम मिळतात आणि डोळ्याला त्या पुरेशा असतात.

अडखळण्याचे कारण ट्वीनमध्ये आहे. पहिल्या फ्रेममध्ये पट्टा अक्षरांच्या डावीकडे पूर्ण बाहेर आणि शेवटच्या फ्रेममध्ये उजवीकडे पूर्ण बाहेर असेल, तर दिसायला त्या दोन्ही फ्रेम एकच असतात. आवर्तनात त्या लागोपाठ येतात आणि तोच क्षण दोनदा दिसतो. शेवटची फ्रेम काढून टाकावी. हिशेबच करायचा तर शब्दाची रुंदी ७८० पिक्सेल आणि पट्ट्याची १२० धरू. पट्ट्याचा एकूण प्रवास ९०० पिक्सेलचा होईल. दर फ्रेमला ३० पिक्सेल सरकवला, तर ३१ जागा येतात, त्यांतील शेवटची वगळून ३० फ्रेम उरतात. साठ फ्रेमची मुळीच गरज नाही. पहिल्या फ्रेमचा अवधी मात्र २ सेकंद ठेवावा, म्हणजे चमक येते, जाते, अक्षरे निवांत वाचता येतात आणि मग पुन्हा चमक येते. एकच फ्रेम कितीही वेळ थांबवली तरी फाइलचा आकार वाढत नाही, हे लक्षात असू द्यावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरीही सांगतो, कारण या इफेक्टमध्ये जवळजवळ प्रत्येक जण तिथे अडतो. पट्ट्याचा लेयर मजकुराच्या लेयरवर क्लिपिंग मास्क म्हणून (म्हणजे तो मजकुराच्या आकारापुरताच दिसेल असा) लावला, तर खालच्या लेयरचा ग्रेडियंट ओव्हरले त्याच्यावर चढून बसतो आणि पट्टा दिसेनासा होतो. अशा वेळी मजकुराच्या लेयरच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये ‘ब्लेंड इंटिरियर इफेक्ट्स ॲज ग्रुप’ चालू आणि ‘ब्लेंड क्लिप्ड लेयर्स ॲज ग्रुप’ बंद करावे. किंवा मजकुराच्या आकाराची निवड घेऊन पट्ट्याला लेयर मास्क (लेयरचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारा पडदा) द्यावा आणि लेयर व मास्क यांच्यामधली साखळी सोडवावी. साखळी तशीच राहिली, तर पट्ट्याबरोबर मास्कही सरकतो आणि चमक अक्षरांबाहेर सांडते.

प्रतिसाद: बोरू

चौकट यांनी मूळ कारणे नेमकी मांडली आहेत. मी गेली अनेक वर्षे केवळ गिंपमध्ये काम करतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रयोगाविषयी लिहितो.

गिंपमध्ये ॲनिमेशनसाठी वेगळी टाइमलाइन नाही. लेयर हीच फ्रेम, आणि सर्वांत खालचा लेयर ही पहिली फ्रेम. प्रत्येक फ्रेमचा अवधी आणि ती कशी मांडायची हे लेयरच्या नावातच कंसात लिहायचे असते. अवधी लिहिताना रोमन अंक आणि त्याला जोडून रोमन लिपीतील ‘एमएस’ ही अक्षरे हवीत, देवनागरी अंक गिंपला कळत नाहीत. मांडणीचे शब्द दोन आहेत, ‘कंबाइन’ आणि ‘रिप्लेस’, आणि तेही रोमन लिपीतच लिहावे लागतात. कंबाइन म्हणजे आधीची फ्रेम तशीच ठेवून तिच्यावर नवी चढवणे, रिप्लेस म्हणजे आधीची पुसून नवी दाखवणे. आपल्या प्रयोगात पार्श्वभूमी पारदर्शक होती आणि फ्रेम कंबाइनने एकमेकींवर चढत गेल्या. अक्षर वर सरकले, पण त्याच्या आधीच्या जागी नव्या फ्रेममध्ये पारदर्शक पिक्सेल होते, आणि पारदर्शक पिक्सेल खालचे काहीच झाकत नाही, म्हणून जुने अक्षर तिथेच दिसत राहिले. निर्यातीच्या खिडकीत जिथे ज्या फ्रेमच्या नावात काही लिहिलेले नाही तिच्यासाठी पर्याय विचारला जातो, तिथे ‘एका लेयरला एक फ्रेम’ हा रिप्लेसचा पर्याय निवडावा. फोटोशॉपमध्ये हीच गोष्ट फ्रेमवर उजवी क्लिक करून ‘डिस्पोज’ आणि ‘डू नॉट डिस्पोज’ या नावांनी मिळते.

चमकीचा पट्टा गिंपमध्ये करायचा असेल, तर चौकट यांनी सांगितलेली साखळी सोडवण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण गिंपमध्ये लेयर हलला की त्याचा मास्कही बरोबर हलतो. त्यावर उपाय असा. पट्ट्याचा लेयर एका लेयर ग्रुपमध्ये ठेवावा आणि मजकुराच्या आकाराचा मास्क त्या ग्रुपला द्यावा. ग्रुपला मास्क देण्याची सोय २०१८ मधील २.१० आवृत्तीपासून आहे. आता ग्रुपच्या आत पट्टा कितीही सरकवला, तरी मास्क जागचा हलत नाही. दर वेळी पट्टा ३० पिक्सेल सरकवावा, ‘न्यू फ्रॉम व्हिजिबल’ने दिसणाऱ्या चित्राचा एकसंध लेयर तयार करावा, तो लपवावा आणि पुन्हा पट्टा सरकवावा. तीस वेळा हे करणे कंटाळवाणे आहे हे मान्य, पण प्रत्येक फ्रेम डोळ्यांखालून जाते आणि चूक तिथल्या तिथे सापडते, म्हणून मला ही रीत आवडते. सर्व फ्रेम झाल्या की मूळ फाइल एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या स्वरूपात वेगळी जतन करावी आणि पुढचे सगळे काम तिच्या प्रतीवर करावे.

त्या प्रतीवर आधी रंगांचे काम करावे. ‘इमेज’ मेनूतील मोडमधून चित्र इंडेक्स्ड, म्हणजे मोजक्या रंगांच्या पॅलेटवर आधारलेले, करावे आणि डिदरसाठी ‘पोझिशन्ड’ हा पर्याय घ्यावा. चौकट यांनी ज्याला पॅटर्न म्हटले त्याचाच हा गिंपमधील सख्खा भाऊ आहे. निर्यात करताना गिंप आपण होऊन रूपांतर करतो, पण ते त्याच्या ठरलेल्या पद्धतीने होते, म्हणून ते त्याच्यावर सोपवू नये. इंडेक्स्ड चित्रात सर्व लेयरना मिळून एकच पॅलेट असते, त्यामुळे फ्रेमगणिक रंग बदलण्याचा धोका उरत नाही. त्यानंतर ‘फिल्टर्स’ मेनूतील ॲनिमेशन विभागात ‘ऑप्टिमाइझ फॉर जिफ’ चालवावे. ते प्रत्येक फ्रेममधून फक्त बदललेला चौकोन ठेवते आणि बाकीचे कापून टाकते. आपल्या शीर्षकात दर फ्रेमला जेमतेम दीडशे पिक्सेल रुंदीचा भाग बदलतो, म्हणजे ९०० पैकी साधारण एक षष्ठांश. फाइल किती उतरेल याची कल्पना यावरून येईल.

चित्राचा आकार मात्र इंडेक्स्ड करण्याच्या आधीच ठरवावा. इंडेक्स्ड चित्र लहान-मोठे केले, की रंगांची सरासरी काढून कडा गुळगुळीत करणे शक्य नसते, आणि अक्षरांच्या कडांना दात पडतात.

प्रतिसाद: काना-मात्रा

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून समाधान वाटले. एका बाजूकडे मात्र कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि देवनागरीत काम करणाऱ्याने ती बाजू सोडली, तर इफेक्ट कितीही देखणा झाला तरी शब्द अशुद्ध दिसतो.

निळी शाई यांनी अक्षरे एकेक करून जागी बसवण्याचा प्रयोग केला, त्यात ‘क्षितिजरेषा’ हा शब्द कसा तोडला याचा उल्लेख नाही. संगणकाच्या लेखी या शब्दात अकरा खुणा आहेत: क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज, र, मात्रा, ष, काना. वाचकाच्या लेखी मात्र अक्षरे पाच आहेत: क्षि, ति, ज, रे, षा. टाइप होत असल्याचा इफेक्ट करताना खुणांप्रमाणे फ्रेम केल्या, तर आधी क दिसतो, मग पाय मोडलेला क्, मग एकदम क्ष, आणि मग वेलांटी मागे उडी मारून क्षच्या डावीकडे उभी राहते. पुढची अक्षरे उजवीकडे ढकलली जातात, ती वेगळीच. रोमन लिपीसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिका इथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. फ्रेम नेहमी पूर्ण अक्षरानुसार कराव्यात. त्याहून सोपे म्हणजे पूर्ण शब्द आधी एकसंध लिहून घ्यावा आणि त्याच्यावरचा मास्क अक्षराच्या सीमेपर्यंत उघडत न्यावा. असे केले की अक्षरांच्या जागा पहिल्यापासून पक्क्या राहतात.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. इफेक्ट मोकळा दिसावा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवण्याची सवय रोमन लिपीत असते. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि प्रत्येक अक्षर एकटे पडते. स्ट्रोक दिला तर त्या तुटलेल्या टोकांनाही चौकटी येतात. हवा असलेला मोकळेपणा रुंद वळणाचा फॉन्ट निवडून मिळवावा. मजकुराचे आकारात रूपांतर केल्यावरही जपावे लागते. अनेक फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा थोड्या एकमेकींवर चढलेल्या असतात. मजकूर जिवंत असताना लेयर स्टाइलचा स्ट्रोक सगळ्याच्या बाहेरून जातो, म्हणून ते जाणवत नाही. आकार केल्यानंतर प्रत्येकाच्या बाह्यरेषेवर रंग चढवला, तर जोडापाशी उभ्या रेघा उमटतात. तसे करण्याआधी सर्व आकार एकत्र जोडून घ्यावेत.

फोटोशॉपमध्ये जोडाक्षरे फुटत असतील किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला पडत असेल, तर प्राधान्यक्रमांमधील टाइप विभागात दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय किंवा ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावा. आधीच लिहून ठेवलेल्या मजकुराला तो आपोआप लागत नाही. परिच्छेदाच्या पॅनेलमधून तो वेगळा लावावा लागतो. गिंपमध्ये ही अडचण येत नाही, कारण तिथे मजकुराची मांडणी पँगो आणि हार्फबझ करतात आणि ती दोन्ही देवनागरीचे नियम जाणतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये अक्षरे पडद्यावर बरोबर दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे. पुढे फॉन्ट बदलावासा वाटला की सगळा मजकूर पुन्हा टाइप करावा लागतो. अशा कामासाठी युनिकोड फॉन्टच वापरावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद: निळी शाई

आपण तिघांनी इतक्या बारकाईने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. सुचवलेले बदल एकामागून एक करून पाहिले, म्हणजे कशाने काय बदलते ते मलाही कळेल.

तळाशी गडद निळा लेयर घालताच किनार आणि सावलीचे ठिपके दोन्ही गेले. अवधी ०.०४ केल्यावर चमक अपेक्षेप्रमाणे झरकन जाऊ लागली. डिदर बदलल्यावर मुंग्या थांबल्या, परंतु ठिपक्यांची जाळी माझ्या डोळ्याला खुपत राहिली, म्हणून ग्रेडियंट पुन्हा रचला. गडद तपकिरी, मध, फिकट पिवळा आणि पुन्हा मध, असे चार पट्टे केले आणि डिदर पूर्ण बंद ठेवला. खरे सांगायचे तर आता ते मूळ स्थिर चित्रापेक्षाही अधिक धातूसारखे वाटते. ३० फ्रेम आणि ६४ रंग यांमुळे फाइल ४०० किलोबाइटच्या आत आली आहे. काना-मात्रा यांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या प्रयोगात पाच अक्षरांची पाच तुकड्यांत मांडणी केली. यापूर्वी मी वेलांट्या वेगळ्या कापल्या होत्या आणि त्या अक्षरांच्या आधी येऊन अधांतरी थांबत होत्या. ते विचित्र का दिसते, हे मला आजवर उमगले नव्हते.

एक शंका उरली आहे. हे शीर्षक पानाच्या माथ्यावर अखंड चमकत राहील. खाली लेख वाचणाऱ्याला त्याचा त्रास होईल का? आणि हे सर्व जिफऐवजी दुसऱ्या प्रकारात केले असते, तर मूळची मऊ सावली राखता आली असती का?

प्रतिसाद: बोरू

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. होय, राखता आली असती. वेबपी या प्रकारात पूर्ण रंग आणि अर्धवट पारदर्शकता दोन्ही मिळतात. त्यातील ॲनिमेशन आजचे सर्व प्रमुख ब्राउझर दाखवतात आणि गिंपमधून ते थेट निर्यात करता येते. एपीएनजी हा दुसरा पर्याय. मोझिलाच्या मंडळींनी तो २००४ साली पुढे आणला आणि २०२५ मध्ये तो पीएनजीच्या अधिकृत मानकात सामावला गेला. पान कोणत्याही रंगाचे असले, तरी या दोन्हींत सावली मऊच राहते. आपले पान एकरंगी आहे आणि जिफ समाधानकारक झाले आहे, त्यामुळे आता ते मोडून पुन्हा करण्याचा आग्रह मी धरणार नाही. पुढचे शीर्षक एखाद्या छायाचित्रावर बसवायचे असेल, तर मात्र जिफकडे वळूसुद्धा नये.

पहिल्या शंकेवर माझे मत चौकट यांच्याहून वेगळे आहे. मधे दोन सेकंदांची विश्रांती ठेवली तरी, वाचताना डोळ्याच्या कडेला पुन्हा पुन्हा काही हलत राहिले की लक्ष तिकडे ओढले जाते. लक्ष एकाग्र करताना ज्यांना आधीच कष्ट पडतात, त्यांना याचा खरा त्रास होतो. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटले आहे, की मजकुराच्या सोबतीने आपोआप सुरू होणारी हालचाल पाच सेकंदांहून अधिक चालत असेल, तर ती थांबवण्याची सोय वाचकाला मिळायला हवी. जिफला अशी सोय स्वतःहून नसते. त्याच सूचनांमध्ये सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लखलखणारे काहीही टाळण्यास सांगितले आहे, कारण त्यातून काही जणांना झटके येऊ शकतात. आपली चमक त्यात बसत नाही, परंतु अक्षरे उघडझाप करण्याचा इफेक्ट कधी करावासा वाटला, तर हे ध्यानात ठेवावे. माझ्या मते आवर्तनाच्या पर्यायात ‘एकदा’ निवडावे. पान उघडताच चमक एकदा जाईल आणि शीर्षक शांत होईल.

प्रतिसाद: काना-मात्रा

बोरू यांच्याशी सहमत आहे. त्याबरोबरच चित्राच्या पर्यायी मजकुरात ‘क्षितिजरेषा’ हा शब्द देवनागरीत लिहावा. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला चित्रातील अक्षरे वाचता येत नाहीत, आणि शीर्षकच ऐकू आले नाही, तर आपण कोणत्या पानावर आहोत हे त्या वाचकाला कळायला मार्ग उरत नाही.

प्रतिसाद: चौकट

मला बोरू यांचा मुद्दा पटला. शीर्षक एखाद्या स्वतंत्र स्वागतपानावर असेल, असे मी गृहीत धरले होते. खाली दीर्घ लेख असतील, तर चमक एकदाच जाणे योग्य.

तसे करायचे ठरले, तर मी आधी दिलेल्या एका सूचनेत दुरुस्ती करावी लागेल. अखंड आवर्तनासाठी शेवटची, म्हणजे एकतिसावी फ्रेम काढण्यास मी सांगितले होते. एकदाच चालणारे जिफ शेवटच्या फ्रेमवर थांबून राहते, आणि तिसाव्या फ्रेममध्ये पट्टा शब्दाच्या शेवटच्या ३० पिक्सेलवर अजून टेकलेला असतो. ती फ्रेम शेवटची ठरली, तर ‘षा’च्या कान्यावर एक फिकट डाग कायमचा गोठून राहील. म्हणून एकतिसावी फ्रेम परत घालावी. आणि पहिल्या फ्रेमचा अवधी २ सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणावा, म्हणजे पान उघडल्यावर चमकीची वाट पाहावी लागणार नाही.

प्रतिसाद: निळी शाई

एकतिसावी फ्रेम परत घातली आणि आवर्तन ‘एकदा’वर ठेवले. चमक ‘षा’च्या कान्यावरून पूर्ण बाहेर पडते आणि त्यानंतर काहीही हलत नाही. पर्यायी मजकूरही लिहिला आहे. अक्षरे खालून वर येण्याचा प्रयोग आता वेबपीमध्ये, मऊ सावलीसह, पुन्हा करून पाहते. त्यात काही अडले, तर याच धाग्यावर लिहीन.